पारावरच्या गप्पा : पीक जोमात, सातबाऱ्यावर बोजा



जरा मागचे आठवून पाहा. गावच्या टपरीवर दहा रुपयांचे कूपन मिळायचे. नखाने खरडायचे, आतला आकडा चष्मा लावून वाचायचा आणि फोनमध्ये दाबायचा. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून! पण तेवढ्यावर लेकीच्या सासरी चार शब्द बोलून व्हायचे. एवढ्याशा पैशात त्या कंपनीला काय उरत असेल, असे आपल्याला वाटायचे. आज सांगतो ती गोष्ट अशाच चिल्लर पैशांवर मोठ्या झालेल्या एका कंपनीची आहे. ती आपल्याकडची नव्हे, पार वेस्ट इंडीजमधली. पण तिचा शेवट ऐकाल तेव्हा म्हणाल, अहो, हे तर आपल्या शेजारच्या वस्तीवर घडलेले!

जमेका हे बेट आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडेसे मोठे. मायकेल होल्डिंग आणि कोर्टनी वॉल्श यांचे गाव म्हटले की रेडिओवर कॉमेंट्री ऐकलेल्या मंडळींना लगेच ओळख पटेल. ऊस, केळी, कॉफी आणि सुरणासारखा याम नावाचा कंद ही तिथली पिके. डोंगरातला माल किंग्स्टनच्या बाजारात नेऊन विकणाऱ्या बाया असतात, त्यांना तिथे हिग्लर म्हणतात. आपल्याकडच्या भाजीवाल्या मावशीच म्हणा ना.

या बेटावर टेलिफोनची मक्तेदारी वर्षानुवर्षे एकाच ब्रिटिश कंपनीकडे, केबल अँड वायरलेसकडे होती. मक्तेदारी उठली तेव्हा डेनिस ओब्रायन नावाच्या आयरिश माणसाने तिथे परवाना घेतला. स्वतःच्या देशात त्याने एक टेलिफोन कंपनी उभारून विकली होती, म्हणजे धंदा ठाऊक होता. २००१ च्या एप्रिलमध्ये त्याने जमेकात 'डिजिसेल' सुरू केली.

त्याने केले काय? तीन साध्या गोष्टी. पहिली, बिल नाही, अनामत नाही. आधी कूपन घ्या, मग बोला. दुसरी, जितके सेकंद बोलाल तितक्याच सेकंदांचे पैसे. तिसरी, ज्याने फोन केला त्याने पैसे द्यायचे, ज्याला आला त्याने नाही. ही तिसरी गोष्ट किरकोळ समजू नका. आपल्याकडेही २००३ पर्यंत मोबाइलवर आलेल्या फोनचे पैसे पडत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. फोन वाजला की उचलू की नको, असे व्हायचे! ती भीती गेली आणि ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही फोन बाळगता येऊ लागला. पहिल्या शंभर दिवसांत कंपनीला एक लाख गिऱ्हाईक मिळाले.

गरिबाने या फोनचे काय केले, याचा अभ्यास हेदर हॉर्स्ट आणि डॅनियल मिलर या दोन अभ्यासकांनी जमेकात राहून केला आणि २००६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपण म्हणू, बाजारभाव विचारला असेल, धंदा वाढवला असेल. तसे फार थोडे आढळले. लोक अगदी थोडे सेकंद बोलत. कशी आहेस, बरे आहे ना, एवढेच. पण असे फोन पुष्कळ जणांना करीत. मग पोराची शाळेची फी भरायची वेळ आली किंवा घरात आजारपण आले की त्याच नात्यातून मदत यायची. नाते जागते ठेवणे हाच त्यांचा विमा होता. आपल्या घरातल्या बाया हे पुस्तकाशिवायही जाणतात.

जमेका झाल्यावर कंपनी बेटामागून बेट घेत गेली. २००६ मध्ये ती हैतीत पोचली, आणि हा त्या साऱ्या भागातला सर्वांत गरीब देश. शहाणे म्हणाले, इथे फोन घेणार कोण? लोकांनी लाखांनी घेतले. २००७ मध्ये ती पॅसिफिक महासागरातल्या पापुआ न्यू गिनीत गेली. तिथे आठशेच्या वर भाषा, आणि डोंगर असे की कित्येक ठिकाणी रस्ताच नाही. टॉवरचे सामान हेलिकॉप्टरने वर चढवावे लागले.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भयंकर भूकंप झाला. राजधानी कोसळली. माणसे कुठे पांगली हे सरकारला कळेना. तेव्हा स्वीडनच्या संशोधकांनी या कंपनीकडून, कोणाचे नावगाव न घेता, कोणत्या टॉवरवर किती फोन लागतात एवढी माहिती घेतली. त्यावरून हिशेब निघाला की एकोणीस दिवसांत सुमारे सहा लाख तीस हजार माणसे राजधानी सोडून गेली. अन्न आणि औषध कुठे धाडायचे ते अशा हिशेबावरून ठरवता येते. पडलेला जुना लोखंडी बाजार ओब्रायनने वर्षभरात पुन्हा उभा केला. कंपनीच्या प्रतिष्ठानाने हैतीत शंभरावर शाळा बांधल्या. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे.

जम बसल्यावर कंपनी क्रिकेटकडे वळली. २००४ मध्ये तिने वेस्ट इंडीज संघाचे प्रायोजकत्व जुन्या कंपनीच्या हातून काढून घेतले. पण काही खेळाडूंचे स्वतःचे करार जुन्या कंपनीशी होते. झाले, २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या पहिल्या कसोटीत गेलसारखे खेळाडू बाहेर बसले, लाराही त्यांच्याबरोबर राहिला. चंद्रपॉल कर्णधार झाला आणि त्याने द्विशतक ठोकले! दोन कंपन्यांच्या भांडणात संघाची शकले झाली. पुढे २०१४ मध्ये कंपनीने स्पोर्ट्समॅक्स ही क्रीडावाहिनी घेतली, लूप नावाची बातमी सेवा काढली, घरोघरी टीव्हीची केबल टाकली. फोनही तिचा, बातमीही तिची, खेळही तिचा.

इथवर पीक जोमात होते. आता सातबारा पाहू.

हे सगळे उभे राहिले कर्जावर. टॉवर कर्जाचे, केबल कर्जाची, नवा देश नव्या कर्जाचा. कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई मात्र हैतीच्या, जमेकाच्या, पापुआच्या नाण्यात. त्या नाण्यांची किंमत डॉलरपुढे घसरत गेली, म्हणजे तेवढेच व्याज भरायला दरवर्षी जास्त पोती मोजावी लागली. त्यातच फुकट बोलण्याची ॲप आली. परदेशी गेलेल्या भावा-मुलांच्या फोनवर कंपनीची मोठी कमाई होती, तिला गळती लागली. २०१४ मध्ये कंपनीने अशी काही ॲप बंदही करून पाहिली. पण पाटाला भगदाड पडल्यावर हाताने पाणी किती अडवणार? २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात समभाग विकून पैसा उभारायचे ठरले, तेही ऐनवेळी रद्द झाले.

२०२० च्या सुमारास कर्ज सात अब्ज डॉलरच्या घरात गेले. देणेकऱ्यांशी तडजोड झाली, काही रक्कम कमी झाली, तरी भागले नाही. २०२२ मध्ये पॅसिफिकमधला सारा धंदा ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्रा कंपनीला विकावा लागला, आणि त्याला बहुतेक पैसा ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पुरवला. शेवटी २०२४ च्या जानेवारीत उरलेल्या कंपनीचीही बहुतांश मालकी देणेकऱ्यांकडे गेली. ज्याने शून्यातून उभी केली त्याच्याकडे लहानसा हिस्सा उरला.

मंडळी, इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गिऱ्हाईक तुटले म्हणून हे झाले नाही. हैतीतली बाई कूपन घेतच होती, टॉवर चालूच होते. पीक बुडाले नाही, मालक बुडाला. आपल्याकडे विहिरीसाठी कर्ज काढले, पाणी लागले, ऊस उभा राहिला, आणि त्याच भरात ट्रॅक्टर, मग शेजारचे चार एकर, मग बंगला, असे एकावर एक कर्ज चढत गेलेली किती घरे आपण पाहिली! गावाला हिरवे शेत दिसते, सातबाऱ्यावरचा बोजा दिसत नाही.

कर्ज वाईट असे मी म्हणत नाही. कर्जाशिवाय पहिला टॉवरही उभा राहिला नसता आणि पहिली विहीरही. पण पहिली विहीर फिटायच्या आधी दुसरी खोदू नये. आणि ज्या पिकावर फेड करायची त्याचा भाव कोणाच्या हाती आहे, हे सही करण्याआधी विचारावे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. रात्री जेवणे झाली की सातबारा काढा, सोसायटीचे पासबुक काढा, आणि नवरा-बायकोने, मोठ्या मुलाने, सुनेने एकत्र बसून बोज्याचा रकाना मोठ्याने वाचा. घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असलेले कर्ज सर्वांत घातक असते.

बरे तर, येतो. पुढच्या आठवड्यात याच पारावर भेटू.