अळी येण्याआधी पतंग मोजू या



मृगाचा पाऊस पडून मका गुडघ्याला लागला की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास आमच्या कानी येतो : "फादर, अळी पडलीय, कसलं औषध मारू?" आम्ही उलट विचारतो, "पतंग कधी दिसले?" यावर बहुधा उत्तर येत नाही. पोंग्यातून लाकडाच्या भुशासारखी विष्ठा बाहेर पडू लागली म्हणजे अळी आपल्या नजरेस येते. पण तिची आई दहा-बारा दिवसांपूर्वी रात्रीच येऊन, पानावर अंडी घालून गेलेली असते. त्या रात्रीची नोंद आपल्यापैकी कोणाजवळच नसते. आमचे स्पष्ट मत असे की, या किडीशी लढण्याची खरी वेळ आपण दरवर्षी न पाहताच घालवतो.

ही लष्करी अळी मूळची आपल्याकडची नव्हे. ती अमेरिका खंडातली. तिकडे कडक थंडीत ती तग धरत नाही. म्हणून तिचे पतंग दरवर्षी उबदार दक्षिणेतून उत्तरेकडे, थेट कॅनडापर्यंत जातात. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली. मे २०१८ मध्ये आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातील मक्यावर ती प्रथम दिसली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. वाऱ्याची साथ मिळाली तर हा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरचा पल्ला गाठू शकतो, आणि एक मादी हजारावर अंडी घालू शकते. अशा पाहुण्याला आपल्या शेताचा बांध काय, की दोन राज्यांची सीमा काय!

वाऱ्यावर येणाऱ्या किडीची कथा आपल्याला नवी नाही. निर्गमाच्या पुस्तकात पूर्वेच्या वाऱ्याने मिसर देशात टोळ आणले आणि पश्चिमेच्या वाऱ्याने ते नेले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०२० साली टोळधाड राजस्थानातून मध्य प्रदेशात आणि पुढे विदर्भापर्यंत आली, तेव्हा ती कोणत्या दिशेने सरकते आहे हे गावोगाव आधी कळवता आले. कारण आपल्या देशात टोळांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा १९३९ पासून आहे. टोळांचा थवा दिवसा उडतो आणि आकाश झाकून टाकतो, म्हणून त्याची बातमी होते. आपला पतंग रात्री, एकेकटा, गुपचूप येतो. त्याची बातमी आपणच करायला हवी.

ती कशी करावी? कामगंध सापळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. त्यातील गोळीला मादीचा वास असतो आणि त्या वासाने नर पतंग आत येऊन अडकतात. गोळी लष्करी अळीचीच मागून घ्यावी. घाटे अळीची गोळी इथे कामाची नाही. मका उगवताच एकरी चार-पाच सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावेत आणि पीक वाढेल तसे वर सरकवावेत. वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीत गोळी बदलावी. सापळ्याने कीड संपते असे मात्र समजू नये. त्यात नरच सापडतात, आणि अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. सापळा आपल्याला तारीख सांगतो, एवढेच त्याचे काम. सापळ्यामागे तीनेक पतंग दिसू लागले की शेतात उतरावे. पाच ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी वीस झाडे पाहावीत. पानाखाली लवेने झाकलेला अंडीपुंज किंवा पानावर पांढरे खरवडलेले चट्टे दिसतात का, ते बघावे. अंडीपुंज हाताने चुरडून टाकावेत. कोवळ्या पिकात शंभरातील पाच झाडांना उपद्रव दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळी लहान असते तोवर एवढ्याने भागू शकते. ती मोठी होऊन पोंग्यात दडली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

इथे आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. चर्चमागच्या अर्ध्या एकरात आम्ही मका केला होता. सापळाही लावला. पण सणाच्या तयारीच्या गडबडीत नऊ दिवस तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा सापळा पतंगांनी भरलेला आणि पोंगे कुरतडलेले. घाबरून आम्ही भर दुपारी जालीम औषध मारून घेतले. फवारणारा मजूर तोंडाला फडकेही न बांधता राबला आणि संध्याकाळी चक्कर येऊन बसला. देवाच्या कृपेने तो बरा झाला. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आम्ही विसरू शकत नाही. उशिरा कळलेल्या किडीवर माणूस भीतीने फवारतो, आणि भीतीने फवारलेले औषध किडीआधी माणसाला लागते. म्हणून पतंगांची मोजणी हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

कोणी म्हणतात, "मोजत बसायला वेळ कुणाला? देवाच्या मनात असेल ते होईल." देवाच्या नावावर आपला आळस घालणे आम्हाला मान्य नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात पहारेकऱ्याची गोष्ट आहे. शत्रू येताना पाहूनही जो कर्णा वाजवत नाही, त्याच्याकडे देव जाब मागतो. आपल्यातही असे पहारेकरी आहेत. पतंग दिसतो, पण "माझ्या शेतात कीड आहे" हे सांगायची लाज वाटते. ती लाज शेजाऱ्याच्या मक्याला भोवते.

तेव्हा आमची सूचना अशी. येत्या पेरणीपासून चर्चच्या पडवीत एक काळा फळा राहील. दर वाडीतील एका घराने दर बुधवारी व शनिवारी सकाळी सापळ्यातील पतंग मोजून वाडीचे नाव, तारीख आणि आकडा फळ्यावर लिहावा. शून्य आला तरी लिहावा. शून्यावरूनच वाढ कळते. तोच आकडा दूध डेअरीत आणि देवळाच्या कट्ट्यावर, मराठीत आणि कन्नडमध्ये लावावा. आपले कन्नड शेजारी मक्याला गोविनजोळ म्हणतात, पण अळी दोघांची एकच. मोबाईलवर कुठलेतरी जुने छायाचित्र पुढे धाडून घबराट पसरवण्यापेक्षा तारीख घातलेला आपल्या वाडीचा आकडा लाखमोलाचा. आकडे वाढू लागले की आम्ही स्वतः रयत संपर्क केंद्रात कळवू.

एका हंगामाची वही फार काही सांगणार नाही. पण तीन-चार वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की पतंग कोणत्या पंधरवड्यात येतात आणि कोणत्या वाडीत आधी उतरतात, हे आपल्या मुलांना पेरणीआधीच कळू लागेल. पहिला आकडा चर्चमागच्या अर्ध्या एकराचा असेल, आणि या खेपेस तो आम्ही नऊ दिवसांनी लिहिणार नाही.