संगणकाशी गप्पा : किल्ल्यांची किल्ली
मंडळी, आमचे सगळे पासवर्ड फोनशेजारच्या डायरीत असायचे. घर बदलताना डायरीच हरवली! तेव्हापासून मी जीपीजी वापरतो. १९९७ पासूनचा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. पासवर्ड साध्या फाईलमध्ये लिहायचे, टर्मिनलवर 'जीपीजी डॅश सी' आणि फाईलचे नाव टाइप करायचे, की कुलूपबंद प्रत तयार. 'डॅश डी' दिले की मजकूर पडद्यावर. मूळ फाईल मात्र उघडीच राहते. प्रत नीट उघडते ना, हे बघून ती पुसून टाकायची. परवलीचे वाक्य एकच, पण ते विसरलात तर ब्रह्मदेव आला तरी फाईल उघडणार नाही. म्हणून मी ते कागदावर लिहून, पाकीट बंद करून सौ.च्या हवाली केले आहे. उद्या मी नसलो, तर तिचे अडायला नको!