शेवटची सलामी हा उपकार नव्हे, हक्क हवा

गेल्या आषाढात आमचे थोरले चुलते गेले. आप्पा महार रेजिमेंटमधून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. आंदर मावळातले आमचे गाव, बाहेर धो धो पाऊस आणि रात्रीचे अकरा वाजलेले. चुलतीने रडत रडत एकच मागणे केले, "त्यांना शिपायासारखं न्या." आम्ही वकील, चळवळीत वीस वर्षे घालवलेली. पण हे मागणे कुठे मांडायचे ते आम्हालाच ठाऊक नव्हते.

रात्रभर फोन केले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. दुसऱ्याने विचारले, "शौर्यपदक होते का? हुद्दा कोणता?" डिस्चार्ज बुक ट्रंकेत सापडेना. सकाळी आप्पांच्या नातवाने शाळेतून तिरंगा आणला. तो आम्हाला परत पाठवावा लागला. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी अंत्यविधीखेरीज राष्ट्रध्वज पार्थिवावर पांघरता येत नाही. त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्या ध्वजासाठी आप्पांनी ऐन उमेद बर्फात घालवली, तो त्यांच्या अंगावर घालू नका, हे त्या पोराला आम्ही सांगितले. तेव्हा आमची मान खाली गेली.

अखेर पंचशील ध्वज पांघरला. कामशेतहून दोन माजी सैनिक छातीवर पदके लावून भिजत आले आणि सावधान उभे राहून त्यांनी सलाम केला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिले. चुलतीचे समाधान झाले. आमचे झाले नाही.

मावळात सैन्य परके नाही. लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचे 'शिवाजी' हे प्रशिक्षण केंद्र आहे. देहूरोडला लष्कराचे डेपो आहेत. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. बिगुल जवळ आहे, गणवेशातली माणसेही जवळ आहेत. पण सेवेत असताना मृत्यू आलेल्या जवानाला जी मानवंदना मिळते, ती निवृत्त शिपायाच्या दारी आपोआप येत नाही. ज्याची ओळख आहे, ज्याच्या घरी मोठा हुद्दा आहे, त्याचा फोन लागतो. ज्याचे कोणी नाही, त्याने काय करायचे?

अमेरिकेत २००० सालापासून कायदाच आहे. सन्मानाने निवृत्त झालेल्या कोणत्याही सैनिकाच्या कुटुंबाने मागणी केली, की किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, ध्वजाची घडी करून वारसाच्या हाती देतात आणि बिगुलाची अखेरची धून वाजते. तिथे हुद्दा विचारला जात नाही. आपल्या देशाला हे न परवडण्यासारखे आहे काय?

आमच्या समाजाला सैन्यातला कोणताही मान फुकट मिळालेला नाही. भीमा कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी महार सैनिकांनी रक्त सांडले, तरी १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच मोडली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. अर्ज करून, भांडून मिळवलेली ही वर्दी आहे. तिची शेवटची सलामीही भांडूनच मिळवावी लागेल.

सलामी मिळाली तरी जमिनीचे काय? जून २०१६ मध्ये पंपोरच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे वीर सिंह शहीद झाले. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात सवर्णांनी सार्वजनिक जागेवर त्यांच्या अंत्यसंस्काराला विरोध केला. प्रशासन मध्ये पडले तेव्हा कुठे जागा मिळाली. देशासाठी मेलेल्या जवानाची ही गत, तर म्हाताऱ्या पेन्शनरची काय असेल? स्मशानभूमीच्या समान वापरात अनुसूचित जातीच्या माणसाला अडथळा आणणे हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. १९९० पासून अनुसूचित जातीच्या यादीत बौद्धांचाही समावेश आहे. गावात वेगळी स्मशानभूमी असेल, तर ती वहिवाट म्हणून मुकाट्याने सोसू नका.

दिवंगतांचा मान राखणे आम्हाला कोणी शिकवायला नको. याच मावळात भाजे लेण्यांत चौदा स्तूप एकत्र उभे आहेत. तिथे राहून गेलेल्या भिक्खूंची ती स्मारके आहेत आणि काहींवर स्थविरांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांनंतरही ती नावे वाचता येतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सन्मानाने निवृत्त झालेल्या प्रत्येक सैनिकाला, हुद्दा कोणताही असो, दोन गणवेशधारी सैनिक, तिरंगा आणि बिगुल मिळावा, आणि तसा लेखी नियम व्हावा. वारसाने एक फोन केला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने जवळच्या सैनिकी ठाण्याला कळवावे. प्रत्येक ग्रामसभेने हा ठराव करून शासनाकडे पाठवावा.

तोवर ज्यांच्या घरी माजी सैनिक आहे, त्यांनी आजच त्यांच्यासमोर बसावे. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र आणि पदके एका पिशवीत ठेवावीत. पत्नीचे नाव व जन्मतारीख लष्कराच्या अभिलेखात बरोबर आहे का, ते तपासावे. नाहीतर सलामी राहिलीच, पण कुटुंब निवृत्तिवेतनही अडकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा आणि जवळच्या माजी सैनिक संघटनेचा फोन भिंतीवर लिहून ठेवावा. मरणाची गोष्ट जिवंतपणी काढायला संकोच वाटतो. आम्हालाही वाटला होता. आप्पांचे डिस्चार्ज बुक आम्हाला तेराव्या दिवशी सापडले.

जयभीम!