कुजण्याची बाजू

एप्रिलमध्ये जबलपूरहून पाटणकडे जाताना संध्याकाळी गाडीच्या काचा वर कराव्या लागतात. गहू निघालेला असतो आणि हार्वेस्टरनं मागे ठेवलेली नरवाई, म्हणजे गव्हाची उभी खुंटं, पेटवलेली असते. दुसऱ्या दिवशी शेत काळंभोर आणि स्वच्छ दिसतं. या ‘स्वच्छ’शीच माझं भांडण आहे.

मी अनुवादक, शब्दांवरून भांडणं हा माझा धंदाच. मराठीत कुणाला खाली खेचायचं असलं की आपण काय म्हणतो? कुजके विचार. सडलेली व्यवस्था. आयुष्याची माती केली. मातीमोल. आणि त्याच तोंडानं सणावारी ‘काळी आई’. शिवी तरी, नाही तर आरती. तिथं खाली नेमकं काय चालतं, हे बघायला आपण लेखक मंडळी फारच क्वचित वाकतो.

तिथं काय चालतं? गळलेलं पान आधी वाणी, वाळवी, गांडुळं यांच्या तोंडी लागतं. त्यांनी केलेल्या चोथ्यात बुरशीचे तंतू शिरतात. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन फोडणं मुख्यतः बुरशीलाच जमतं. जिवाणूही तिथंच जेवतात, पण त्यांनी खाल्लेला नत्र त्यांच्याच शरीरात अडकून पडतो. तो सुटतो आदिजीव आणि सूत्रकृमी त्या जिवाणूंना खातात तेव्हा. या खाणाऱ्यांना गरजेपेक्षा जास्त नत्र मिळतो, जास्तीचा ते अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात आणि तो मुळं उचलतात. म्हणजे मातीत खाणारे नसतील तर वर पीक उपाशी. ‘सूत्रकृमी’ हा शब्द मात्र आपल्याला भेटतो तो बहुधा औषधाच्या डब्यावर, शत्रू म्हणून. मातीतले कितीतरी सूत्रकृमी पिकाच्या मुळाला तोंडही लावत नाहीत.

आगीत वरच्या थरातले जीव होरपळतात, आणि उरलेल्यांचं अन्न राख होतं. वर गंमत अशी, की या जाळानंतर तिथं उन्हाळी मूग पेरतात. मूग हवेतला नत्र वापरतो तो मुळांच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर. पाहुण्यांच्या भरवशावर संसार मांडायचा आणि आधी त्यांचंच अंगण पेटवायचं!

शेतकऱ्यावर बोट ठेवणं सोपं आहे, म्हणून मी ते ठेवत नाही. गहू काढणं आणि मूग पेरणं यांत त्याच्या हातात मोजके दिवस असतात, मजूर महाग, आणि काडीपेटी स्वस्त. शिवाय कुजवणं या मुलखाला नवं नाही. इथल्या हवेली पद्धतीत शेताला बांध घालून चौमासाभर पाणी अडवत, तण पाण्याखाली मरून कुजत असे, मग पाणी सोडून गहू-हरभरा पेरत. तिथं कुजणं हे शेतीचं काम होतं. त्याला ‘कचरा’ हा शब्द आपण, शिकलेल्यांनी, पुरवला.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे आणि ती माझ्या धंद्यातली आहे. मध्यंतरी जंगलावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं काम माझ्याकडे आलं. संपादकांना मुळांवरच्या बुरशीसाठी ‘जंगलाचं इंटरनेट’ हवं होतं, आणि जुन्या झाडांसाठी ‘आई-झाड’. १९९७ साली ‘नेचर’नं सुझान सिमार्ड यांचा शोधनिबंध छापला तेव्हापासून ही उपमा जगभर फिरते आहे. २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या तिघांनी दाखवून दिलं, की प्रत्यक्ष जंगलातला पुरावा या दाव्यांना पुरत नाही. मी हे सांगितलं. वाचकाला कळायला हवं, असं उत्तर आलं. मी नकार दिला, काम दुसरीकडे गेलं. त्या पैशाची मला गरज होती, हेही सांगून टाकते.

वाचकाला कळण्यासाठी इंटरनेट कशाला? पावसाळ्यात शहडोल-डिंडोरीकडच्या सालवनात जमिनीतून ‘पुट्टू’ निघतं, गोटीएवढं, मातीनं माखलेलं. ही बुरशी सालाच्या मुळांना लपेटून राहते, झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. जिवंत मूळ नसेल तर ती वाढत नाही. म्हणूनच लोकांना ती शेडमध्ये पिकवता येत नाही, पावसात जंगलात जाऊन वेचावी लागते. वेचणाऱ्या बाईला साल आणि पुट्टू यांचं नातं ठाऊक असतं. त्यासाठी तिला ना आईची उपमा लागली, ना तारांची.

आई म्हटलं की ती सगळं सोसते, असं आपण गृहीत धरतो. इंटरनेट म्हटलं की बिघडलं तर दुरुस्त होईल, असं वाटतं. दोन्ही शब्द आपल्याला निर्धास्त करतात. खाणं, चघळणं, फोडणं, विष्ठा टाकणं, मरणं ही क्रियापदं तसं करत नाहीत. ती थांबूही शकतात.

म्हणून लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी एखाद्या राजवटीला ‘कुजलेली’ म्हणण्याआधी थांबा. कुजलेल्यातून काही तरी उगवतं. तुम्हाला बहुधा ‘जळालेली’ म्हणायचं असतं.