फोटोखालची ओळ

दिवाळी आली की जवानांच्या फोटोंना बहर येतो. हातात पणती, मागे बर्फाचा डोंगर आणि खाली ठरलेली ओळ : "सीमेवरील आमचे शूर जवान." वाचकहो, ही ओळ वाचून तुमचा ऊर भरून येत असेल, मला संताप येतो! हा जवान कोण, कोणत्या पलटणीचा, फोटो कोठला, केव्हाचा? एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नाही. 'शूर' हे विशेषण तेवढे आहे, कारण विशेषण लिहायला चौकशी करावी लागत नाही.

"अहो, भावना पाहा! नावागावाची उठाठेव कारकुनाने करावी," असे कोणी म्हणतील. मी म्हणतो, ज्या भावनेला समोरच्याचे नाव विचारण्याचे कष्ट सोसवत नाहीत, ती सैनिकाविषयीची भावना नव्हेच. ते आपलेच आपण केलेले कौतुक आहे.

१६ डिसेंबर १९७१ चा ढाक्याचा फोटो आठवा. नियाझी सही करीत आहेत, शेजारी अरोरा बसले आहेत. ही दोन नावे पुष्कळांना पाठ असतात. पण मागे उभे कोण? नौदलाचे कृष्णन, हवाई दलाचे दिवाण, सगतसिंग, जेकब. फोटोखालच्या ओळीत यांचे 'इतर अधिकारी' करून टाकायला कितीसा वेळ लागतो? मुक्तिवाहिनीतर्फे ए. के. खोंदकार त्या समारंभाला हजर होते, हे तरी किती जणांना ठाऊक आहे?

ढाक्याच्या सतरा वर्षे आधी अशीच एक शरणागती आपल्या दाराशी झाली. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपले पोलीस घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला तलासरीजवळच्या उधव्याला शरण आला. त्या मुक्तिलढ्यात एक नव्हे, अनेक पक्षांची आणि दलांची माणसे होती. पण उधवा म्हटल्यावर किती घरांत ही आठवण निघते? ज्या प्रसंगाखाली कोणी नीट ओळ लिहिली नाही, त्याच्यावर प्रत्येक पक्ष मागाहून आपापली ओळ लिहितो आणि तेथे राबलेला साधा माणूस सगळ्यांच्याच ओळींतून गळतो.

चूक कबूल कशी करावी, हे अमेरिकेच्या मरीन दलाकडून शिकावे. २३ फेब्रुवारी १९४५ ला इवो जिमा बेटावर सहा सैनिक झेंडा उभारीत असल्याचा फोटो जो रोझेन्थाल यांनी टिपला. त्या सहांतील एकेक नाव १९४७, २०१६ आणि २०१९ असे तीनदा दुरुस्त झाले. पुतळे उभे राहिले होते, तिकिटे निघाली होती. तरी नाव बदलले. याला म्हणतात सैनिकाचा मान!

मुलाखतीचेही तसेच. "फोटो मुद्दाम उभे करून घेतला काय?" असे रोझेन्थालना विचारले गेले. प्रश्न दुसऱ्याच फोटोविषयी आहे असे समजून ते "हो" म्हणून गेले. त्या एका 'हो'ने उठलेली अफवा त्यांना जन्मभर पुरली. आणि मुंबई? नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो वाहिन्यांनी थेट दाखविले. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. जेथे नाव द्यायचे तेथे आळस आणि जेथे गप्प राहायचे तेथे उतावीळ, असा हा आपला उलटा कारभार!

"नाव छापले तर शत्रूला कळेल," ही शंका खरी आहे. मग "सुरक्षेसाठी नाव दिलेले नाही," असे सरळ लिहा. तीही प्रामाणिक ओळ आहे. मुलाखत देणाऱ्या अधिकाऱ्याने पाहिले तेवढेच सांगावे. बाकीच्याला "ठाऊक नाही" म्हणायलाही धैर्य लागते. आणि वार्ताहराने वीरपत्नीच्या पुढ्यात ध्वनिक्षेपक धरून "आता कसे वाटते?" असे विचारू नये.

दुसऱ्यांना हा उपदेश करण्याआधी एक काम घरातच करू. दिवाळीच्या झाडलोटीत जुन्या फोटोंची पेटी निघेल. गणवेशातले कोणी काका, मामा, आजोबा त्यात असतील. आजी हयात आहे तोवर तिला विचारा आणि फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहा : नाव, हुद्दा, पलटण, ठिकाण, साल. 'शूर' लिहिले नाही तरी चालेल.