'उपयोजित' म्हणजे दुय्यम नव्हे



दहावी-बारावीच्या मराठीच्या तासाला एक अनुभव मला दरवर्षी येतो. कविता आली की वर्ग शांत असतो, व्याकरण आलं की कुरकुरतो, आणि उपयोजित मराठी आलं की म्हणतो, "सर, हे घरी करतो ना!" बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख हे सगळं असतं. पोरांच्या लेखी हे 'सोपे मार्क'. पुढे नोकरीत पहिल्याच महिन्यात अहवाल लिहायची वेळ येते, तेव्हा हीच पोरं फोन करून विचारतात, "सर, अहवालाची सुरुवात कशी करायची?"

हे आठवायला कारण घडलं. आमची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. विश्रांतवाडीत त्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला जर्मनीतल्या 'उपयोजित विज्ञान विद्यापीठा'त संगणकशास्त्र शिकायचंय. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "सर, नावात 'उपयोजित' कशाला लावलंय? एक एजंट म्हणाला, ते आपल्या पॉलिटेक्निकसारखंच असतं, त्यापेक्षा पैसे भरून खाजगी ठिकाणी जा. खालच्या दर्जाचं आहे का हो हे?"

प्रश्न एका घरातला असला तरी उत्तर सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ही विद्यापीठं आहेत तरी काय?

जर्मनीत 1968 साली राज्यांनी आपसात करार केला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत 'फाखहोखशूले' नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. जुन्या अभियांत्रिकी शाळांना उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला. आज त्यांना उपयोजित विज्ञान विद्यापीठं म्हणतात. हाम्बुर्ग, म्युनिक, कोलोन, डार्मस्टाट अशा मोठ्या शहरांत ती आहेत. आपल्या पुण्याशी मैत्रीचं नातं असलेल्या ब्रेमेनमध्येही आहे. औंधच्या ब्रेमेन चौकातून आपण कितीदा जातो, पण त्या नावाच्या शहरात मुलींसाठी संगणकशास्त्राचा वेगळा पदवी अभ्यासक्रम चालत आलाय, हे किती जणांना माहीत असतं?

इथे प्राध्यापक व्हायचं तर नुसती डॉक्टरेट चालत नाही. साधारणपणे किमान 5 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि त्यातली किमान 3 वर्षं विद्यापीठाबाहेरची. म्हणजे डेटाबेस शिकवणाऱ्या माणसाने कुठेतरी खराखुरा डेटाबेस सांभाळलेला असतो, रात्री तो बंद पडल्यावर धावपळही केलेली असते. पदवी 6 किंवा 7 सत्रांची असते. 7 सत्रांच्या अभ्यासक्रमात बहुधा एक अख्खं सत्र कंपनीत काम करण्यासाठी ठेवलेलं असतं. शेवटचा प्रबंधही पुष्कळ विद्यार्थी कंपनीतल्या खऱ्या प्रश्नावर लिहितात.

आणि पदवी? ती बॅचलरचीच. त्यावर पुढे मास्टर्स करता येतं, साध्या विद्यापीठातही. फरक कुठे पडतो, तर डॉक्टरेटच्या वेळी. ती बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या सहकार्याने करावी लागते. काही राज्यांनी आता उपयोजित विद्यापीठांतल्या संशोधनात भक्कम असलेल्या विभागांनाही तो अधिकार दिलाय. ज्याला सैद्धांतिक संशोधनच करायचंय, त्याने हा फरक ध्यानात घ्यावा. बाकीच्यांनी 'खालचा दर्जा' हा शब्द डोक्यातून काढून टाकावा.

दुकानातली वही आणि 'ऱ'

वडिलांना मी हे सांगितलं, पण पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मुलीने बोलता बोलता सांगितलं की तिने दुकानासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. कोणाचा मिक्सर कधी आला, काय बिघडलंय, पैसे किती बाकी, हे सगळं वहीऐवजी त्यात. वडील हसून म्हणाले, "ते काय सर, खेळणं आहे."

पण त्या खेळण्यात एक गंमत झाली होती. विश्रांतवाडी आळंदी रस्त्यावर, त्यामुळे कुऱ्हाडे आडनावाची गिऱ्हाइकं बरीच. वडील मोबाइलवर नाव टाकायचे, मुलगी लॅपटॉपवर शोधायची, आणि काही कुऱ्हाडे सापडायचेच नाहीत! पडद्यावर नाव तर स्पष्ट दिसतंय. दोन दिवस तिने डोकं खाजवलं. शेवटी कळलं की 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं: एक तर त्याच्या स्वतःच्या एकाच संकेतांकाने, किंवा साधा 'र' अधिक खालचा नुक्ता असं जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यावी लागतात. युनिकोडमध्ये त्यासाठी ठरलेले नियम आहेत.

मी विचारलं, "हे तुला कॉलेजात नव्हतं शिकवलं?" ती म्हणाली, "होतं सर. पहिल्याच सत्रात. तेव्हा सगळ्यात कंटाळवाणा धडा वाटला होता."

मला वाटतं, सगळं उत्तर इथेच आहे. उपयोजित शिक्षण म्हणजे सिद्धांत कमी आणि हात जास्त, असं नाही. ज्या सिद्धांताची कोणीतरी वाट बघतंय, तो शिकणं म्हणजे उपयोजित शिक्षण. कुऱ्हाडेकाका मिक्सर न्यायला दारात उभे आहेत, म्हणून तिला संकेतांकांचा धडा पुन्हा उघडावा लागला, आणि या वेळी तो समजला. उपयोजित विद्यापीठातही पहिल्या सत्रांत गणित असतंच, अल्गोरिदम असतातच. तिथे गणितातून सुटका होईल म्हणून जाणारा फसतो.

पण कोणत्याही पाटीला भुलू नका

आता आपल्या घरचं बोलू. 'काम करत शिकणं' आपल्याकडे नाहीच, असं म्हणणं खोटं ठरेल. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका याच विचाराची आहे. तिच्यात इंटर्नशिप आहे, प्रोजेक्ट आहे, पुढे थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाता येतं. मग पालकांना पदविका 'कमी' का वाटते? कारण तिच्यातला उपयोजित भाग कित्येकदा आपणच पोकळ केलाय. प्रोजेक्ट तयार विकत मिळतो. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र ओळखीच्या काकांकडून येतं. पोरगं एकही दिवस कामाला न जाता 'अनुभवी' होतं. पालकही म्हणतात, "होऊन जाऊ दे, मार्क मिळतायत ना!"

मला हे सगळ्यात जास्त बोचतं. येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी इथल्या कंपन्या आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या बसेस आपल्या चौकातून जातात. आणि आपल्या पोरांनी त्यातल्या एकाही कंपनीची पायरी न चढता प्रमाणपत्र आणायचं? ज्या वर्षी हातात काम यायचं, तेच वर्ष आपण विकत घेतलेल्या कागदावर घालवतो. मग मुलाखतीत "हा प्रोजेक्ट तू कसा केलास?" या पहिल्या प्रश्नालाच तोंड कोरडं पडतं.

परदेशात गेल्याने ही सवय आपोआप सुटत नाही. उलट तिथे ती महाग पडते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला साधारण तीनच संधी असतात. आवश्यक विषयात तिसऱ्यांदाही नापास झालात, तर तो अभ्यासक्रम संपला, आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. आपल्या एटीकेटीची सवय झालेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग करायचं काय?

त्या वडिलांना मी जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

1. घाई नको. आपल्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश नसतो. जेईई ॲडव्हान्स्ड, किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्षाचं यशस्वी शिक्षण, असे मार्ग आहेत. नाहीतर तिथे आधी तयारीचं वर्ष करावं लागतं. मुलगी पहिलं वर्ष करतेच आहे, ते चांगलं पार पडू दे.

2. भाषा आधी. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्ये आहेत. पुण्यात जर्मन शिकायची सोय जुनी आणि चांगली आहे. भाषा टाळून जाणाऱ्याला कंपनीतलं सत्र मिळवताना अडचण येते.

3. पैशाचा हिशेब कागदावर मांडा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात (हा आकडा सप्टेंबर 2024 पासूनचा). तेव्हाच्या दराने आपल्या पैशांत 11-12 लाखांच्या घरात. दुकान गहाण टाकायच्या आधी शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज बघा. 'फुकट शिक्षण' या दोन शब्दांवर कर्ज काढू नका.

4. एजंटला एकच प्रश्न विचारा: "त्या खाजगी संस्थेकडून तुम्हाला काय मिळतं?"

5. आणि कुठेही शिका, इथे की तिथे, एक तरी काम असं करा की ज्याच्यावर दुसरं कोणीतरी अवलंबून आहे. शेजारच्या किराणा दुकानाची उधारी, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद, शाळेच्या वाचनालयाची यादी. छोटं असू दे, पण खरं असू दे.

निघताना वडील दारात थांबले. म्हणाले, "सर, म्हणजे ते दुकानातलं खेळणं चालू ठेवायचं?"

म्हटलं, "चालूच ठेवा. आणि या महिन्यापासून वही बंद करा."

मुलगी हसली. वडील मात्र काळजीत पडले. वही बंद म्हणजे आता चूक झाली तर खरंच नुकसान होणार. मला वाटतं, तिचं उपयोजित शिक्षण त्याच दिवशी सुरू झालं. ब्रेमेनला जाणं होईल तेव्हा होईल.