जुना गेमबॉक्स आणि उर्दूचा नुक्ता

गणपतीपुळ्याच्या आसपासच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांत आखातातून पैसा आला, तसे सामानही आले. दुबई-कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या मामू-चाचांनी पोरांसाठी गेम खेळायचे डबे आणले. ती पोरे आता मोठी झाली आणि त्यांतली काही स्वतःच परदेशी नोकरीला गेली. डबे माळ्यावर फडक्यात गुंडाळून पडले आहेत. भंगारवाला दारात आला की ते वजनावर जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की देण्याआधी डबा कोणता आहे, ते पाहा. तो प्लेस्टेशन ३ असेल तर तो अजून कामाचा आहे.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. कारण उर्दूतच आहे. बे, पे, ते आणि से या चार अक्षरांचा सांगाडा एकच असतो. खाली एक नुक्ता असेल तर बे, खाली तीन असतील तर पे, वर दोन असतील तर ते आणि वर तीन असतील तर से. अंधुक व्हिडिओत दोन नुक्त्यांचा आणि तीन नुक्त्यांचा एकच डाग होतो. मग मूल अक्षर वाचत नाही, अंदाज बांधते. मराठीतही अनुस्वार आणि जोडाक्षरे अशीच बुजतात. सिनेमा अंधुक दिसला तर थोडी मजा जाते, धडा अंधुक दिसला तर अक्षरच चुकते.

आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते. एचडीचे सर्वांत साधे चित्र १२८० बाय ७२० चे, म्हणजे दुपटीहून जास्त ठिपक्यांचे. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला हा फरक कळतो.

आता डब्यांकडे येऊ. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ कडून एचडी व्हिडिओची अपेक्षा ठेवू नका. त्याची मेमरी ३२ एमबी आहे. डीव्हीडी तो नीट दाखवतो, आणि तेवढ्यावर समाधान मानावे. २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ ची गोष्ट वेगळी. त्यात ब्लू-रे आणि एचडीएमआय पहिल्यापासून आहे आणि १०८० पर्यंतचे चित्र तो दाखवतो. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधकांनी २०१० मध्ये असे १,७०० हून अधिक डबे एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला होता. ज्याला आपण पोरखेळ म्हणून हिणवले, त्याची ताकद एवढी होती.

तरीही लोक पेनड्राइव्ह लावतात, काही दिसत नाही, आणि डबा मेला असे ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा दोष फाइलचा असतो. प्लेस्टेशन ३ एमकेव्ही फाइल घेत नाही. २०१३ मध्ये मान्य झालेला एच.२६५ हा प्रकार त्याला कळत नाही, कारण तो त्याच्या जन्मानंतरचा आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

उपाय फुकट आहे. संगणकावर हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल एमपी-४, चित्र एच.२६४, आवाज एएसी आणि उंची ७२० निवडा. सेकंदाला २ मेगाबिटचा वेग ठेवला तर अर्ध्या तासाचा धडा सुमारे ४५० एमबीत बसतो. ४ जीबीची अडचण येतच नाही. पावसाळ्यात आपल्याकडे रेंज गेली तरी हा धडा अडकत नाही, कारण तो पेनड्राइव्हवर आहे. वीज मात्र हवी.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. जुना डबा वीज जास्त खातो आणि तापतो. आपल्या खाऱ्या हवेत त्याचा पंखा आणि जोडण्या गंजतात, त्यामुळे धूळ काढत राहावी लागते. नवीन स्मार्ट टीव्ही हेच काम बिनबोभाट करतो. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी खुशाल तोच वापरावा. प्लेस्टेशन ३ मुद्दाम विकत घ्या, असेही मी म्हणत नाही. पण साधा एचडी टीव्ही आणि जुना डबा दोन्ही घरात असताना, केवळ एक फाइल चालली नाही म्हणून हप्त्यावर नवा टीव्ही आणायचा आणि वर व्याज भरायचे, याला शहाणपण म्हणत नाहीत. इसराफवर आपण भाषणे भरपूर ऐकतो. तो थांबवायची संधी अशी माळ्यावर पडलेली असते.

खरी उणीव वस्तूंची नाही, माहितीची आहे. आपल्या मोहल्ल्यांत मोबाइल दुरुस्त करणारी हुशार पोरे आहेत. त्यांनी एका रविवारी बसून पाच-दहा धडे योग्य प्रकारात करून पेनड्राइव्हवर भरून दिले, तर शेजारच्या उर्दू शाळेचे वर्षभराचे काम होईल. आणि डबा खरोखरच मेला असेल, तर तो जाळू नका, खाडीतही टाकू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यामुळे तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या.

पण त्याआधी एकदा तार जोडून पाहा. पडद्यावर पे आणि ते वेगळे दिसले, तर तो डबा भंगार नाही.